फिल्टर पेपरने मातीचं सक्शन मोजायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी, काळी माती धरून

मे महिन्यात काळ्या रानात भेगेत मनगटापर्यंत हात जातो, आणि तीच माती जुलैत चपलेला अशी धरते की चप्पल तिथेच राहते न् पाय पुढे येतो. माती तीच, फरक फक्त पाण्याचा, असं आपण म्हणतो, पण नुसतं पाणी किती टक्के आहे हे कळून काही होत नाही. वाळूत २० टक्के पाणी असेल तर ती ओलीचिंब असते, आणि आपल्या काळ्या मातीत तेवढंच पाणी असेल तर ढेकूळ फोडायला हातोडी लागते. कारण काळी माती ते पाणी सोडतच नाही, धरून बसते. ते किती जोरात धरून बसलीये त्याचा आकडा म्हणजे सक्शन. शेतकरी ढेकूळ मुठीत दाबून सांगतो वाफसा आलाय का नाही, म्हणजे तो हाताने याच गोष्टीचा अंदाज घेत असतो, आपल्याला ते किलोपास्कलमध्ये हवं असतं एवढंच.

हे लिहितोय ते एमटेकच्या पहिल्या वर्षाला ज्यांच्या गळ्यात अनसॅच्युरेटेड सॉइलचा (पोकळ्यांत पाण्यासोबत हवाही असलेल्या मातीचा) विषय आलाय आणि लॅबमध्ये एक ओव्हन, एक चार डेसिमलचा वजनकाटा यापलीकडे काही नाही त्यांच्यासाठी. घाबरू नका, तेवढ्यात होतं. फिल्टर पेपर मेथड ही जगातली सगळ्यात स्वस्त पद्धत आहे आणि नीट केली तर फार चांगली आहे, पण "नीट" म्हणजे काय ते स्टँडर्ड वाचून कळत नाही, कागद चिमट्यात धरल्यावर कळतं.

आधी दोन मिनिटं थिअरी

सक्शन दोन प्रकारचं धरतात. मॅट्रिक सक्शन म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांमध्ये पाणी ताणाखाली अडकलेलं असतं आणि कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेलं असतं त्याचं. लिहिताना हवेचा दाब वजा पाण्याचा दाब. ऑस्मॉटिक सक्शन म्हणजे त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात त्यांच्यामुळे येणारं. दोन्हींची बेरीज टोटल सक्शन. खारपाणपट्ट्यातली माती असेल, अकोला-अमरावतीकडची, तर क्षारांचा हिस्सा अजिबात सोडून देऊ नका.

पद्धतीमागची कल्पना साधी आहे. कोरडा कागद मातीला चिकटवला की तो मातीतून पाणी खेचतो आणि दोघांचं सक्शन सारखं झालं की थांबतो, मग कागदात किती पाणी आलं ते मोजायचं आणि कागदाच्या कॅलिब्रेशनवरून (कागदात एवढं पाणी म्हणजे एवढं सक्शन, हे सांगणारं तयार समीकरण) सक्शन काढायचं. कागद मातीला टेकलेला असेल तर पाणी द्रवरूपात जातं, क्षारही सोबत जातात, म्हणून मॅट्रिक मिळतं. कागद मातीच्या वर अधांतरी ठेवला तर फक्त वाफ पोचते, क्षार मागेच राहतात, म्हणून टोटल मिळतं. एकाच बरणीत दोन्ही होतात.

बाकीची साधनं का नकोत असं विचारणारे असतात म्हणून थोडक्यात. टेन्शिओमीटर (सच्छिद्र टोकाची पाण्याने भरलेली नळी, मातीची ओढ थेट दाखवणारी) छान, पण साधारण ८०-९० किलोपास्कलच्या पुढे त्यातल्या पाण्यात बुडबुडे होतात आणि तो बंद पडतो, काळी माती तर जरा सुकली की हजारात जाते. प्रेशर प्लेट, जिच्यात हवेचा दाब वाढवून पाण्याचा दाब शून्याच्या वर ठेवतात (ही युक्ती हिल्फ नावाच्या संशोधकाने १९५६ मध्ये मांडली), ती १५०० किलोपास्कलपर्यंत जाते, कृषी महाविद्यालयांत ती असते कारण पिकाचा मरणबिंदू, म्हणजे जिथे पिकाला पाणी ओढता येत नाही आणि ते कायमचं कोमेजतं, तो त्यांनी १५ बारलाच (म्हणजे १५०० किलोपास्कललाच) धरलेला आहे. पण चिकणमातीला एकेका पायरीला आठवडे लागतात. ड्यू पॉइंटवाला मीटर (दव धरायच्या तापमानावरून आर्द्रता काढणारा), डब्ल्यूपी४ वगैरे, काही मिनिटांत टोटल सक्शन देतो, पण ओल्या मातीत त्याची चूक मोठी पडते आणि किंमतही मोठी. तुमच्या इथे तो असेल तर जरूर वापरा, आणि फिल्टर पेपरसोबत ताडून बघा.

काय काय जमवायचं

कागद व्हॉटमन नंबर ४२, ५५ मिलिमीटर व्यासाचा. दुसरा नंबर चालत नाही कारण समीकरण कागदागणिक बदलतं, ४१ आणि ४२ दिसायला सारखे असतात म्हणून पाकीट बघून घ्या. असा एक कागद कोरडा सुमारे ०.२४ ग्रॅमचा असतो, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावर आहे.

मग झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरण्या, नमुना आत गेला की बरणीचा तीन चतुर्थांश भाग तरी भरला पाहिजे अशा मापाच्या, रिकामी जागा जितकी जास्त तितका वेळ जास्त. झाकणाच्या छोट्या ॲल्युमिनियमच्या डब्या, ओलाव्यासाठी वापरतो त्याच, पण कागद न दुमडता मावेल एवढ्या. चिमटा. हातमोजे. इन्सुलेशन टेप. पीव्हीसी पाइपचे कापलेले रिंग, साधारण एक-दीड सेंटिमीटर उंचीचे. ०.०००१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा, काचेच्या दारांचा. ११० डिग्रीचा ओव्हन. एक जाड ॲल्युमिनियमचा ठोकळा. आणि एक थर्मोकोलची पेटी, औषधाच्या दुकानात लस येते ती मागून आणा, ते फेकूनच देतात.

त्या पेटीचं महत्त्व मला उशिरा कळलं म्हणून इथेच सांगतो. अधांतरी कागद आणि माती यांच्यात तापमानाचा एक दशांश डिग्री फरक राहिला तरी टोटल सक्शनमध्ये साधारण ८०० किलोपास्कलचा घोळ होऊ शकतो. कारण आर्द्रता आणि सक्शनचं नातं तसंच आहे: २० डिग्रीला सापेक्ष आर्द्रता ९९ टक्के म्हणजे सुमारे १३५७ किलोपास्कल, आणि ९९.९ टक्के म्हणजे फक्त १३५. म्हणजे सगळा खेळ शेवटच्या एका टक्क्यात चालतो. उघड्या टेबलावर बरणी ठेवलीत, दिवसा एसी चालू रात्री बंद, तर काचेवर आतून दव धरतं आणि त्याचा एक थेंब कागदावर पडला की तो कागद गेला.

नमुना

अनडिस्टर्ब्ड (रानातून जसाच्या तसा काढलेला) नमुना असेल तर प्रश्न नाही, ट्यूबमधून काढा आणि लगेच कामाला लागा. लॅबमध्ये बनवणार असाल तर माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, ठरवलेलं पाणी शिंपडून मिसळा, आणि पिशवी घट्ट बांधून निदान २४ तास, काळी माती असेल तर दोन-तीन दिवस ठेवून द्या. घाई केली तर आत कोरडे खडे राहतात आणि बाहेरून चिखल दिसतो, मग एकाच नमुन्याचे दोन कागद दोन वेगळे आकडे देतात आणि आपण काट्यावर संशय घेत बसतो. सगळे नमुने एकाच घनतेला दाबा. आणि नमुने सुकवत नेताय का भिजवत नेताय ते आधीच ठरवा, कारण त्याच ओलाव्याला सुकताना सक्शन जास्त येतं आणि भिजताना कमी, दोन्हींची सरमिसळ केली तर शेवटी काढायचा सक्शन-ओलाव्याचा वक्र जुळणारच नाही.

नमुन्याचे दोन सारखे तुकडे करा. कापलेली तोंडं सपाट हवीत, अगदी सपाट, वायर सॉने कापून मग पात्याने घासून घ्या. मातीत चुनखडीचे गोटे असतील, काळ्या रानात असतातच, तर पात्याखाली गोटा येतो आणि ओरखडा पडतो, तो खड्डा त्याच मातीने बुजवा.

बरणी बंद करायचा दिवस

कागद आदल्या रात्री ओव्हनमध्ये ठेवून कोरडे केलेले आणि डेसिकेटरमध्ये (आत हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड केलेले असावेत. इथून पुढे कागदाला बोट लावायचं नाही. बोटाचा घाम आणि तेल म्हणजे काही दशांश मिलिग्रॅम, आणि आपण नेमके तेच मोजतोय.

खालच्या तुकड्याच्या सपाट तोंडावर तीन कागदांची चवड: खाली एक, मध्ये एक, वर एक. मधला मोजायचा, बाहेरचे दोन फक्त त्याला मातीपासून स्वच्छ ठेवायला, म्हणून मधला तीन-चार मिलिमीटरने लहान कापून घेतात किंवा बाहेरचे मोठे घेतात. त्यावर वरचा तुकडा ठेवायचा, दाबायचा, सांध्याभोवती इन्सुलेशन टेप गुंडाळायची. दाबताना कागद सरकतो, हळू. ही जोडी बरणीत उतरवायची, तिच्यावर पीव्हीसीचा रिंग, रिंगवर दोन कागद, मातीला आणि काचेला कुठेही न टेकता. वरच्या कागदाचा एक कोपरा चिमट्याने किंचित वर वळवून ठेवा, बरणी उघडून उचलताना याच कोपऱ्याचा आधार असतो. झाकण लावा, त्यावरून टेप लावा, बरणीवर नंबर आणि तारीख लिहा, पेटीत ठेवा, पेटी खोलीच्या अशा कोपऱ्यात जिथे ऊन येत नाही आणि ओव्हनही नाही.

एएसटीएम डी ५२९८, म्हणजे या पद्धतीचं अमेरिकन स्टँडर्ड, किमान ७ दिवस म्हणतं. माझं मत विचाराल तर काळ्या मातीला, त्यातही अधांतरी कागदाला, १४ दिवस द्या. पावसाळ्यात ओल्या नमुन्यांवर बुरशी येते, कागदावर राखाडी ठिपका दिसला तर तो आकडा टाकून द्या, हिशोबात धरू नका.

बरणी उघडायचा दिवस

हा दिवस एकट्याने करायचा नाही. दोन माणसं पाहिजेत, एक बरणी उघडून कागद काढणारा, दुसरा डबी धरून झाकण लावणारा. पंखा बंद, एसीचा झोत काट्यावर येत नाही ना बघा, खोलीत बाकी कोणी येणार-जाणार नाही असं सांगून ठेवा.

आधी सगळ्या रिकाम्या डब्या थंड असताना झाकणासकट वजन करून ठेवा. डबीवर आणि झाकणावर दोन्हीकडे नंबर असू द्या. माझ्या पहिल्या सेटला नंबर फक्त डब्यांवर होते, ओव्हनमधून काढताना चार झाकणांची अदलाबदल झाली, झाकणाझाकणात काही मिलिग्रॅमचा फरक होता, आणि पंधरा दिवसांचे आठ आकडे वाया गेले, कुठली झाकणं बदलली ते शोधायचा काही मार्गच उरला नाही.

आता कागद. झाकण उघडलं, चिमट्याने कोपरा धरला, उचलला, डबीत टाकला, झाकण. हे तीन ते पाच सेकंदांत व्हायला हवं. सराव म्हणून एकदा ओला कागद उघडाच काट्याच्या ताटलीवर ठेवून बघा, शेवटचा आकडा खाली पळताना डोळ्यांनी दिसतो, थांबतच नाही, ९, ७, ४, १, परत ९. ते पाणी चाललंय. एकदा हे बघितलं की माणूस आपोआप झटपट होतो, कोणी सांगावं लागत नाही. आधी वरचे दोन अधांतरी कागद, दोन वेगळ्या डब्यांत. मग जोडी बाहेर काढून टेप कापायची, तुकडे उघडायचे, मधला कागद सोडवून डबीत. बाहेरच्या कागदांना माती चिकटलेली असते, ती मधल्याला लागू द्यायची नाही.

ओल्या कागदासकट वजन झालं की डब्या ओव्हनमध्ये, झाकणं अर्धवट उघडी, ११० डिग्री, किमान दोन तास, रात्रभर ठेवल्या तरी चालतं. काढायच्या आधी ओव्हनमध्येच झाकणं बंद करायची आणि पाचेक मिनिटं तशाच ठेवायच्या. मग एकेक डबी चिमट्याने काढून ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर अर्धा मिनिट, धातू उष्णता ओढून घेतो, आणि लगेच वजन. त्यानंतर कागद काढून टाकायचा आणि तीच गरम डबी झाकणासकट पुन्हा रिकामी तोलायची. हे शेवटचं वजन नवीन मुलं हमखास विसरतात, "डबीचं वजन तर आधीच घेतलंय की" म्हणून. गरम डबी काट्यावर हलकी भरते, तिच्याभोवतीची हवा वर चढते म्हणून, आणि फरक दोन-तीन मिलिग्रॅमचा असतो.

त्याने काय होतं ते एका उदाहरणाने बघू. थंड डबी २८.४५१२, थंड डबी आणि ओला कागद २८.७४७३, गरम डबी आणि कोरडा कागद २८.६८३९, गरम रिकामी डबी २८.४४८९. कोरडा कागद म्हणजे २८.६८३९ वजा २८.४४८९, ०.२३५० ग्रॅम. ओला कागद २८.७४७३ वजा २८.४५१२, ०.२९६१. पाणी ०.०६११, म्हणजे कोरड्या कागदाच्या २६.० टक्के.

आता समीकरण. व्हॉटमन ४२ साठी, कागदातलं पाणी ४५.३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर

सक्शनचा लॉग = ५.३२७ − ०.०७७९ × पाण्याचे टक्के

आणि जास्त असेल तर

सक्शनचा लॉग = २.४१२ − ०.०१३५ × पाण्याचे टक्के

लॉग दहाच्या पायाचा, उत्तर किलोपास्कलमध्ये. आपले २६ टक्के टाकले तर लॉग ३.३०१६, सक्शन सुमारे २००० किलोपास्कल.

आता गरम डबीचं वजन घ्यायला विसरलात आणि दोन्हीकडे थंडच वापरलं असं समजा. कोरडा कागद ०.२३२७ होतो, पाणी ०.०६३४, टक्के २७.२, आणि उत्तर १६०० च्या आसपास. २० टक्के चूक, फक्त एका न घेतलेल्या वजनाने. दुसरी गंमत, कागद उचलताना वेळ गेला आणि ५ मिलिग्रॅम पाणी उडालं, तर तेच २००० चं २९०० च्या वर जातं. ५ मिलिग्रॅम म्हणजे साखरेचे काही दाणे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की या टेस्टमध्ये काटा किती महागाचा आहे त्यापेक्षा त्या पाच सेकंदांत तुमचे हात काय करतात ते जास्त महत्त्वाचं आहे.

आपला हात बसलाय का ते तपासायचं

मातीवर जाण्याआधी एक सेट मिठाच्या पाण्यावर करा, फार कमी जण करतात आणि खरं तर सगळ्यांनी करायला पाहिजे. लॅब ग्रेडचं कोरडं सोडियम क्लोराइड २९.२२ ग्रॅम, एक किलो डिस्टिल्ड वॉटरमध्ये. याचं सक्शन २० डिग्रीला सुमारे २२४० किलोपास्कल असतं. बरणीत मातीच्या जागी हे पाणी, वर रिंग, रिंगवर कागद, तीच पेटी, तेच १४ दिवस. कागदात २५ टक्क्यांच्या जवळपास पाणी यायला हवं. पाच बरण्या करा आणि पाचही आकडे एकमेकांच्या जवळ येतात का बघा. इकडेतिकडे पसरले तर चूक हातात आहे, मातीला दोष देण्याआधी ती काढा. सगळे एकाच बाजूला सरकलेले असतील तर झाकण गळतंय का, कागद नीट कोरडे होते का, पेटीच्या जागेला तापमान स्थिर आहे का, हे तपासा.

आकडे आल्यावर

ज्या नमुन्यातून कागद काढला त्याच मातीचा ओलावा त्याच दिवशी काढा, बरणी उघडी ठेवून उद्यावर ढकलू नका. काळी माती सुकताना आक्रसते म्हणून आकारमानही मोजा, नाहीतर संपृक्ततेचे टक्के (पोकळ्यांचा किती भाग पाण्याने भरलाय ते) काढताना जुनीच घनता धराल आणि वक्र चुकेल. सहा ते आठ वेगवेगळ्या ओलाव्यांचे बिंदू मिळाले की सेमीलॉग कागदावर, आडवं सक्शन आणि उभा ओलावा, मांडा.

टोटल हे मॅट्रिकपेक्षा कमी आलं तर ते शक्य नाही, कुठेतरी गडबड आहे. बहुतेक वेळा मधल्या कागदाचा मातीशी संपर्क तुटलेला असतो, सुकलेल्या काळ्या मातीत भेग पडून चवडीखाली पोकळी होते आणि मग तो कागद मॅट्रिक न मोजता अर्धवट टोटल मोजत बसतो. टेप काढताना तोंडाकडे नीट बघा, कागदावर मातीचा डाग सगळीकडे सारखा उमटलाय का कुठे पांढरा राहिलाय, आणि ते वहीत आकड्याशेजारी लिहा. फार ओल्या नमुन्यांत, शंभर-दोनशे किलोपास्कलच्या खाली, अधांतरी कागदाच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही, वर सांगितलं तसं आर्द्रता तिथे १०० टक्क्यांना टेकलेली असते. तिथे टेकलेलाच कागद घ्या, आणि जमलं तर टेन्शिओमीटरने ताडून बघा, दोघांची हद्द तिथेच जुळते.

वापरलेले कागद परत वापरू नका, एकदा भिजून वाळला की तो पहिल्यासारखा पाणी घेत नाही. नवीन पाकीट फोडलं की त्याचा लॉट नंबर वहीत लिहा आणि मिठाच्या पाण्याच्या दोन बरण्या परत लावा.